मांड्याला चार माणसं

आखाजीला लेकी माहेरी येतात. लिंबाच्या झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, आणि त्या दोन-तीन दिवसांत सासुरवाशिणीनं पाण्याचा हंडासुद्धा उचलायचा नसतो, अशी आमच्या घरची रीत. अक्षय तृतीया म्हणजे आमच्या खानदेशाची आखाजी. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल त्या दिवशी संपतं आणि नवं ठरतं. पितरांची घागर त्या दिवशी भरतात, आणि पितरांना आंबा दाखवल्याशिवाय घरात कुणी आंब्याला तोंड लावत नाही. तरी मला आखाजी म्हटलं की सगळ्यात आधी मांडे आठवतात. मातीच्या खापरावर भाजलेले, पुरण भरलेले, परातीएवढे रुंद. बेळगावकडचे मांडे निराळे, ते पिठीसाखरेचे आणि कागदासारखे कुरकुरीत. आमचा मांडा मऊ. चार घड्या घालून ताटात येतो आणि वर तूप ओतलं की ते घडीघडीतून खाली उतरत जातं.

हे मांडे कोण करतं, हा प्रश्न मला ४१व्या वर्षी पडला.

२०२४च्या दिवाळीनंतर मायचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर सांगितलं. शेक, गोळ्या, भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम, सगळं चालू होतं, पण हात कानापर्यंत जात नव्हता. मार्चमध्ये फोनवर आखाजीचा विषय निघाला तेव्हा माय सहज म्हणून गेली, यंदा मांडे धाकटी करेल. धाकटी म्हणजे माझी बहीण, नंदुरबारकडे दिलेली. तिला मांडे चांगले येतात. पण ती वर्षातून दोनदाच माहेरी येते, भाऊबीजेला आणि आखाजीला. म्हणजे तिच्या हक्काच्या सणाला ती ४३ अंशांच्या उन्हात चुलीपुढे उभी राहणार, आणि मी ओट्यावर पुरुषांच्या पत्त्यांच्या डावात बसून आतून मांडा यायची वाट बघणार. इतकी वर्षं हेच होत आलं होतं, फक्त खापरापुढे माय होती.

संध्याकाळी मी परत फोन केला. म्हणालो, मला शिकव. माय थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, चार दिवस आधी यावं लागेल, गहू ओलवायचे असतात.

आखाजी बुधवारी होती, ३० एप्रिल २०२५. मी आणि बायको शनिवारी दुपारी गावी पोचलो. गाव अमळनेर तालुक्यातलं. सोबत मी एक छोटा वजनकाटा आणि वही नेली होती. मायची मापं हाताची आहेत, आणि ती तिनं कधी कुणाला सांगितली नव्हती. मुलींनी बघून बघून घेतली. मी बघितलं नव्हतं, म्हणून मला ती लिहून हवी होती. जे ज्याच्या हातात आहे ते त्याच्याबरोबर जातं, हे मी वडिलांच्या बाबतीत पाहिलं आहे. त्यांची कलमं बांधायची पद्धत आता आमच्या घरात कुणालाच येत नाही.

पाच किलो लोकवन गहू निवडून ठेवला होता. शनिवारी संध्याकाळी तो दोन पाण्यांनी धुतला, टोपलीत निथळला आणि ओल्या सुती धोतराच्या फडक्यात घट्ट बांधून रात्रभर ठेवला. गहू पाण्यात भिजत घालायचा नाही. ओल्या फडक्यातली ओल त्यानं सावकाश प्यायची. रविवारी सकाळी तो बाजेवर चादर टाकून सावलीत पसरला. किती वेळ, असं विचारल्यावर मायनं एक दाणा माझ्या दातांखाली दिला. पहिल्यांदा तो मऊ दबला. दोन तासांनी दुसरा दिला, तो वरून कोरडा होता आणि दाताखाली हलका आवाज करून फुटला. तेव्हा म्हणाली, आता ने.

हे सगळं कशासाठी, ते मला गिरणीत समजलं. ओल प्यायलेल्या गव्हाची साल चिवट होते. दळताना तिचा चुरा होत नाही, ती मोठ्या पापुद्र्यांनी सुटते आणि चाळताना वरच राहते. कोरडा गहू दळला तर कोंडा बारीक होऊन पिठात मिसळतो, आणि कोंड्याचा प्रत्येक कण ताणलेल्या कणकेला आतून कापतो. मोठ्या पिठाच्या कारखान्यांतही दळायच्या आधी गव्हाला पाणी देतात, ते याच कारणासाठी. आमच्या घरी ते काम ओलं धोतर करतं. गिरणीवाल्या भाऊंनी आखाजीच्या गव्हासाठी सकाळचे दोन तास वेगळे ठेवले होते. त्याआधी दादर दळलेली असेल तर दगडात राहिलेलं ज्वारीचं पीठ मांड्यात येतं, म्हणून त्यांनी पहिला किलोभर गहू आपला स्वतःचा घालून दगड साफ करून घेतला. याचे वेगळे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

दुपारी चाळणं. पातेल्यावर जुन्या मलमलीच्या साडीचा तुकडा बांधायचा, वर थोडं थोडं पीठ टाकून तळहातानं फिरवायचं. पाच किलो गव्हातून ३ किलो १०० ग्रॅम वस्त्रगाळ पीठ निघालं. मी ते वहीत लिहिलं. वर राहिलेला रवा कोंड्यातून पाखडून काढला, त्याच्या सोमवारी सांजोऱ्या झाल्या. त्या घागरीवर लागतात. काहीही वाया गेलं नाही, कोंडा म्हशीला गेला.

सोमवारी मला वाटलं होतं पीठ मळायला शिकेन. मायनं पीठ हातात दिलंच नाही. तिनं एक सुती पंचा पाण्यात भिजवून, अर्धवट पिळून माझ्या हातांवर टाकला आणि म्हणाली, हा खाली न पडू देता फिरव. दोन्ही हात कोपरांत वाकवून पुढे धरायचे, पंचा मनगटांच्या मागच्या बाजूवर आणि पुढच्या हातांवर तोलायचा, आणि एका हातावरून दुसऱ्या हातावर असा टाकायचा की प्रत्येक वेळी तो थोडा फिरेल. बोटांनी पकडायचं नाही. बोट लागलं की मांडा तिथं फाटतो. मुली अशाच शिकायच्या, माय म्हणाली, तिच्या आईनं तिला परसात ओलं फडकं दिलं होतं, ती तेव्हा ११ वर्षांची होती.

मी जवळजवळ दीड तास ते केलं. सुरुवातीला पंचा सारखा एका बाजूला लोंबत होता. मग माय उठली, माझ्या उजव्या बाजूला उभी राहिली आणि आपला चांगला डावा हात माझ्या कोपराखाली घातला. तिनं हात नुसता धरला नव्हता, ती तो हलवत होती. झेलताना कोपर किंचित खाली जायला हवं, तोपर्यंत मी ते ताठ ठेवत होतो. तिच्या हाताची ती छोटी खालची हालचाल मला कोपरात कळली. तोंडानं सांगून ती कळली नसती. वहीत मी ‘झेलताना कोपर दोन बोटं खाली’ असं लिहिलं आहे, पण वाचणाऱ्याला त्यातून कितपत समजेल ते मला सांगता येत नाही. ज्याला शिकायचं आहे त्यानं कुणाचा तरी हात कोपराखाली घ्यावा.

मंगळवारी पहाटे सराव. एक किलो पीठ, त्यात १५ ग्रॅम मीठ. माठातलं गार पाणी, सुरुवातीला ५५० मिलिलिटर, इतक्यात कणीक पोळीच्या कणकेसारखी घट्ट मळली जाते. ती झाकून अर्धा तास ठेवली. मग खरं काम सुरू होतं. परातीत पाण्याचा हात घ्यायचा, कणकेवर लावायचा, कणीक आपल्याकडे ओढायची, उचलायची, आपटायची. ते पाणी जिरलं की पुढचा हात. माय शेजारी बाजेवर बसून अहिराणीत दोनच वाक्यं बोलत होती. “घाई नको करू” आणि “आजून कच्चं शे”. एकदम पाणी ओतलं तर कणीक घसरते आणि नुसती चिखल होते. थोडं थोडं दिलं तर ती पाणी पीत जाते आणि सैल होत असतानाच चिवट होते. गव्हातलं ग्लुटेन ताणलं जाऊन त्याची जाळी बनते, हे मी शाळेत शिकलेलं. पण हाताखाली ते होताना पहिल्यांदा अनुभवलं. पंधरा मिनिटांपर्यंत कणीक बोटांना चिकटते, मग अचानक एका क्षणी परात सोडते. पुढे वीस-पंचवीस मिनिटांनी ती उचलली तर आपल्या वजनानं खाली उतरत जाते, पण तुटत नाही. एक लहान गोळा बोटांवर ताणून मायनं उजेडाकडे धरायला लावला. पलीकडच्या बोटांच्या रेषा दिसल्या. तेव्हा म्हणाली, हं. एकूण पाणी ७२० मिलिलिटर लागलं होतं, वेळ ४० मिनिटं. वर तेल लावून दोन तास झाकून ठेवली. गारठ्यात जास्त वेळ लागेल, एप्रिलात दीड तासही पुरतो.

माझे दंड भरून आले होते. मायचं वय ६७. मागच्या आखाजीला तिनं तीन किलो पीठ एकटीनं तिंबलं होतं. तिचा खांदा कशानं धरला ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, मीही आता विचारत नाही.

पुरण मी फार सोपं समजलो, आणि तिथंच चुकलं. हरभऱ्याची डाळ आणि गूळ वजनाला सारखे. डाळ शिजवून पाणी काढून घ्यायचं (त्याची रशी, म्हणजे कटाची आमटी, होते), गूळ घालून आटवायचं, सुंठ, वेलदोडे, जायफळ, आणि गरम असतानाच पाट्यावर वाटायचं. गूळ विरघळून सगळं पुन्हा घट्ट झालं तेव्हा मी उतरवलं. मायनं उलथनं पुरणात उभं करायला सांगितलं होतं. ते उभं राहिलं, पण थोडं कललं. मी ते चालेल असं समजलो. निवल्यावर पुरण हाताला ओलसर लागत होतं. अशा पुरणाचा मांडा हातावर घेतला की पुरण एका जागी जमा होतं आणि तिथून फाटतं. पहिले चार मांडे तसेच गेले.

पाचवा खापरावर पोचला, पण फाटून. पुरण खापरावर सांडलं आणि जळून चिकटलं. खापर म्हणजे मातीचं मोठं, उथळ, गोलसर भांडं, तीन दगडांच्या चुलीवर पालथं ठेवतात आणि त्याच्या पाठीवर मांडा भाजतात. आमचं खापर ११ वर्षांचं होतं. आतून काळं कुळकुळीत, पाठीवर तेलकट तांबूस, हात फिरवला तर काचेसारखं. जळकं पुरण काढायला मी हाताशी असलेला ओला फडका उचलला आणि त्यावरून फिरवला.

आवाज मोठा नव्हता. सुपारी फोडल्यासारखा. एक तडा मधून काठापर्यंत गेला आणि जाळ त्या फटीतून वर दिसला.

माय काही बोलली नाही. चुलीतली लाकडं ओढून घ्यायला सांगितली आणि खापर निवेपर्यंत तिथंच बसून राहिली. मला त्या वेळी काय वाटलं ते इथे लिहिता येणार नाही. तापलेली माती एका जागी एकदम गार झाली की आकसते, बाजूची आकसत नाही, आणि ती फुटते. हे मला ठाऊक होतं. हातानं तरी ते केलं. ज्यांना खापरावर करायचं असेल त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं: खापर कोरड्या फडक्यानंच पुसायचं, चिकटलेलं असेल तर उलथन्याच्या काठानं खरवडायचं.

अमळनेरच्या कुंभारांकडे आखाजीच्या आधी घागरी आणि खापरं रचून ठेवलेली असतात. दुपारी मी गेलो तेव्हा चार खापरं उरली होती. कुंभारकाकांनी प्रत्येकाला बोटाच्या पेरानं टिचकी मारून दाखवली. तीन खणखणीत वाजली, एकाचा आवाज बसका निघाला. ते त्यांनी स्वतःच बाजूला ठेवलं. आणि सांगितलं, नवं खापर थेट जाळावर नको, आधी गोवरीच्या मंद आचेवर तासभर तापू दे, मग निवू दे, मग तेल. संध्याकाळी ते केलं. मंद आचेवर नवी माती आधी पाणी सोडते, पाठीवर दमट डाग दिसतात आणि हळूहळू जातात. डाग पूर्ण जाईपर्यंत आच वाढवली नाही.

त्याच वेळी धाकटी एस.टी.नं आली. अंगणात खापर, बाजूला फुटकं खापर, मी गोवऱ्या सारतोय. तिनं पिशवी ठेवली आणि पदर खोचायला लागली. माय तिला म्हणाली, “तू बठ.” धाकटी माझ्याकडे बघत राहिली. मग बसली.

आखाजीच्या दिवशी पहाटे चारला कणीक तिंबायला घेतली, या वेळी दोन किलो. पुरण रात्रीच करून ठेवलं होतं. दीड किलो डाळ, दीड किलो गूळ, आणि उलथनं इतकं ताठ उभं राहिलं की हलवायला जोर लागत होता. साडेसहाला चूल पेटली.

मांडा एका माणसाचं काम नाही, हे मला त्या सकाळी समजलं. अप्पा, म्हणजे माझे काका, जाळापाशी बसले. खाली बाभळीचं जळण आणि वर पऱ्हाटी. बाभूळ आच धरून ठेवते. कपाशीची पऱ्हाटी भडकन पेटते आणि खापराच्या काठापर्यंत ज्वाळ नेते. दोन्ही लागतात, कारण मांडा खापराएवढा असतो. मध्ये आच आणि काठाला नाही, असं झालं तर मधला भाग करपतो आणि काठ कच्चे राहतात. काकू उंडे भरायला. सुपारीच्या दीडदोन पट कणकेचा गोळा नव्हे, चांगला लिंबाहून मोठा, ९० ग्रॅमचा. असे दोन गोळे हातानं दाबून त्यांच्या पुऱ्या करायच्या, दोघींच्या मध्ये २०० ग्रॅम पुरण, काठ चिमटून बंद, मग पिठीवर लाटण्याचे चारपाच हात, ताटाएवढा होईपर्यंत. मग तो माझ्या हातावर. भाजून झालेला मांडा काढून फडक्यावर घडी घालायला माझी बायको. चौघांपैकी एकानं जरी वेळ चुकवली तर पुढचं सगळं चुकतं. उंडा आधी भरून ठेवला तर पुरणानं कणीक ओलावते. जाळ कमी झाला आणि मांडा हातावर तयार असेल, तर तो थांबत नाही. लांबत लांबत कोपरांपर्यंत येतो.

पहिला फाटला. दुसराही. माय बाजेवरून म्हणाली, “हात नको थांबाडू.” मी थांबत होतो, हे खरं होतं. मांडा मोठा होत चालला की भीती वाटायची आणि मी तोलून धरायला बघायचो. थांबलं की पुरण खाली येतं. फिरत राहिला तर पुरणाचं वजनच मांड्याला चारी बाजूंनी सारखं ताणतं. त्याला मोठं आपण करायचं नसतं, त्याला फिरू द्यायचं असतं. तिसऱ्याला मी खापराकडे बघणं सोडलं आणि फक्त कोपरांकडे लक्ष ठेवलं. खाली, फिरव, खाली, फिरव. वीसेक फेऱ्यांत तो हातभर झाला. एका जागी पुरण दिसेल इतका पातळ, तरी फाटला नव्हता.

खापरावर टाकतानाही रीत आहे. पलीकडचा काठ आधी टेकवायचा आणि आपल्याकडे उतरवत आणायचा, म्हणजे खाली हवा अडकत नाही. टाकल्याबरोबर कडा पांढऱ्या होतात, मग फोड येतात. अर्ध्या मिनिटानं त्याला हातानंच थोडं फिरवायचं, मिनिटभरानं एकदा उलटायचं, एकदाच. पिठाचा कच्चा वास जाऊन भाजल्याचा गोड वास येतो तेव्हा काढायचा. तिसऱ्याला वास आला. काढला, घडी केली. काठ एका बाजूला जाड होता, एक फोड करपला होता, पण सबंध होता.

आमच्याकडे फाटलेला मांडा पितरांना जात नाही. तिसरा गेला.

घागर घरात भरून ठेवली होती. तिच्यावर डेरगं, म्हणजे लहान मडकं, त्यावर खरबूज, सांजोरी आणि आंबा. वडिलांना जाऊन सहा वर्षं झाली. आगारी, म्हणजे पितरांच्या नावाचा घास, टाकायला निखारे लागतात. ताट किंवा कढई आणायला मी उठलो, तर माय फुटक्या खापराचा अर्धा तुकडा घेऊन आली. कधी उचलून ठेवला होता ते मला माहीत नाही. त्यात निखारे घेतले, वर तूप सोडलं, आणि मांड्याचा घास, रस, भात, कुरडईचा तुकडा असं एकेक टाकत मी वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव घेतलं. ११ वर्षं त्या मातीवर जे मांडे भाजले, त्यांतले सहा वर्षांपूर्वीपर्यंतचे वडिलांनी खाल्ले होते. धूर सरळ वर गेला.

मग पुन्हा चुलीपाशी. जाळासमोर बसलेली असताना दर आखाजीला माय मुक्ताबाईची गोष्ट सांगते. या वेळी बाजेवरून सांगितली. निवृत्तीनाथांना मांडे खावेसे वाटले, मुक्ताई खापर आणायला निघाली, विसोबा चाटीनं कुंभारांना दरडावून तिला खापर मिळू दिलं नाही. ती रडत परत आली, तेव्हा ज्ञानेश्वरांनी जठराग्नी पेटवला आणि म्हणाले, माझ्या पाठीवर भाज. पुढे हाच विसोबा त्यांना शरण आला, विसोबा खेचर झाला, आणि नामदेवांचा गुरू. ही गोष्ट मी पन्नास वेळा ऐकली असेल, आणि नेहमी ती मला ज्ञानेश्वरांच्या चमत्काराची वाटत आली. त्या दिवशी खापराची धग छातीला लागत होती, हातांवरचे केस जळून गेले होते, आणि मला पहिल्यांदा ती त्या मुलीची गोष्ट वाटली. भावाला मांडे हवेत म्हणून भर गावात दारोदार खापर मागत फिरणाऱ्या लहान बहिणीची.

साडेनऊपर्यंत एकूण १९ उंडे संपले. पाच फाटले, एक करपला, १३ सबंध निघाले. मायच्या हातचे तीन किलोतले दोन फाटायचे. शेवटचे चार बरे होते. सतरावा तर इतका गोल आणि पातळ झाला की काकूंनी तो फडक्यावर तसाच उलगडा ठेवला आणि शेजारच्या घरातल्या बायकांना बोलावून दाखवला. तो मी धाकटीसाठी बाजूला काढायला सांगितला.

ती तोवर झोक्यावर होती. शेजारच्या दोन लेकीही माहेरी आलेल्या, तिघी मिळून गात होत्या. मी गाणं सुरू झालं की जाळाच्या आवाजातून ऐकायचा प्रयत्न करत होतो. मध्ये एकदा ती खापरापाशी येऊन उभी राहिली आणि काही न बोलता माझ्या डाव्या कोपराकडे बघत राहिली. म्हणाली, “भाऊ, डावं कोपर वर जातंय तुझं.” बरोबर होतं. मी ते खाली आणलं, आणि ती परत झोक्यावर गेली.

जेवायला बसलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. मांडा, बदाम आंब्याचा रस, रशी, भात, कुरडई, भजी. धाकटीच्या ताटात सतरावा मांडा, अजून कोमट. तिनं तूप घालून घेतलं, मग घडी उलगडून मधला मऊ भाग आधी खाल्ला आणि काठ शेवटी, लहानपणी खायची तसं. अर्धा आणखी मागितला. मला या चार दिवसांत तेवढंच हवं होतं.

आजकाल मांडे विकतही मिळतात. पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत खानदेशातल्या बचतगटांच्या बायका खापर मांडून बसतात, आणि त्यांचा हात बघण्यासारखा असतो. मी पूर्वी तिथं रांगेत उभा राहून फोटो काढायचो. आता गेलो तर त्यांच्या कोपरांकडे बघेन. ज्यांच्याकडे चार माणसं जमत नाहीत त्यांनी जरूर तिथून घ्यावेत. पण ज्यांच्या घरी अजून माय, काकू, आत्या कुणीतरी करतं, त्यांच्यातल्या पुरुषांना माझी मनापासून विनंती आहे की एकदा तरी जाळापाशी बसा. उंडे भरा, लाकडं सारा, घड्या घाला, जे येईल ते. मांडा हातावर घेणं नंतर येईल.

संध्याकाळी खापर निवलं. पहिल्याच दिवसात पाठीवर मध्यभागी तांबूस तेलकट वर्तुळ धरलं होतं. मायनं त्यावर डावा हात फिरवला. मग उरलेल्या एका मांड्याचा काठ तोडून तिनं बोटांत दाबून पाहिला, तोंडात टाकला.

“काठ आजून जाड शे,” म्हणाली. आणि मला आतून तुराट्या आणायला सांगितल्या. खापर माळ्यावर ठेवताना खाली तुराट्यांची बैठक लागते, नाहीतर पावसाळ्यात ओल धरतं. मी वर चढलो, खापर तिनं खालून दिलं, डाव्या हातानं, उजव्याचा फक्त आधार देऊन. उजवा हात खांद्याच्या वर गेला होता. थोडासाच, आणि तिच्या लक्षात आलं नाही.